अकरा चिंचोके

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरचे भिवाजी घाडी कामातून गेले, याबद्दल कुणाचंच दुमत उरलं नव्हतं. नळावर बायका बोलत, जिन्यात पुरुष बोलत. साठी बुद्धी नाठी, ही म्हण आपल्याकडे इतकी तयार ठेवलेली असते, की ती वापरायला फक्त एक म्हातारा हवा असतो. भिवाजींची पासष्टी उलटली होती. म्हण अगदी बेतून शिवल्यासारखी बसली.

त्यांचा मुलगा रमाकांत फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होता. फेब्रुवारी छप्पनच्या त्या शुक्रवारी तो कचेरीतून घरी आला, तेव्हा त्याच्या खिशात देवगडच्या आगबोटीची दोन तिकिटं होती. एक जाण्यापुरतं, बाबांचं. दुसरं त्याचं स्वतःचं, जाऊन येण्याचं. परवा रविवारी सकाळी बोट सुटणार होती. गावी चुलतभावाच्या मागच्या पडवीत बाबांची खाट टाकायची, दार बाहेरून लावून घेता येईल असं बघायचं आणि परत फिरायचं, असं ठरलं होतं. रमाकांतच्या घशाखाली गेले चार दिवस घास उतरत नव्हता. पण करणार काय?

वाचकहो, रमाकांतला दुष्ट समजू नका. असा मुलगा दिव्याने शोधून काढावा लागेल. बापाने बत्तीस वर्षं साचेखात्यात मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याला मॅट्रिक केलं, ही जाणीव त्याच्या हाडीमाशी खिळली होती. म्हणूनच भिवाजी मिलमधून निवृत्त झाले, त्याच दिवशी त्याने चोरबाजारातून एक आरामखुर्ची आणून गॅलरीत मांडली. "बाबा, आता फक्त बसायचं," तो म्हणाला. पहाटे नळावर पाणी भरायला भिवाजी उठत, ते काम त्याने काढून घेतलं. भाजी आणायचं काम कालिंदीने, त्याच्या बायकोने, घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी चावी द्यायला म्हातारा स्टुलावर चढे. पडतील म्हणून तेही बंद झालं. चाळीत कुणाचं भांडण झालं तर निवाड्याला भिवाजींना बोलावत, पण त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून लोकही यायचे थांबले. सगळं कसं मायेपोटी आणि आदराने झालं! देवाला देव्हाऱ्यात बसवावं, तसं बापाला खुर्चीत बसवलं आणि मग देवाशी आपण जितकं बोलतो तितकंच त्यांच्याशी बोलणं उरलं.

कान तर साच्यांनीच नेले होते. घरात काही हसणं-खिदळणं झालं, कुणी घाईने आलं-गेलं, की भिवाजी खुर्चीतून मान वळवून विचारत, "काय झाला?" उत्तर ठरलेलं असे. "काही नाही, तुम्ही बसा." तीच गोष्ट बहिऱ्या माणसाला तीनदा ओरडून सांगण्यापेक्षा हे सोपं होतं. पुढे पुढे भिवाजी नावं चुकू लागले. चहा प्यायलेला विसरू लागले. मग विचारायचेही थांबले.

आणि गेल्या महिन्यात तो प्रकार झाला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार, ही बातमी आली आणि गिरणगाव पेटला. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. पोलिसांची गाडी भोंग्यावरून ओरडत फिरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी बुधवारी सकाळी भिवाजी टोपी घालून, काठी घेऊन निवांतपणे चाळीबाहेर पडले आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागले! मागून शिपाई 'थांब, थांब' म्हणून ओरडत होता. हे आपले चाललेच. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने दुकानाची फळी उघडून त्यांना आत ओढलं म्हणून जीव वाचला. त्या ओढाओढीत ते उंबऱ्यावर पडले आणि कपाळाला खोक पडली. जिथे तरणीताठी पोरं गोळ्या खाऊन पडली, तिथून हा म्हातारा खोकेवर निभावला. पण चाळीला पुरावा मिळाला. संचारबंदीत फिरायला निघाला, म्हणजे डोकं ठिकाणावर नाहीच!

त्या दिवसापासून भिवाजींना चाळीबाहेर सोडणं बंद झालं. तीन आठवड्यांत ते निम्मे झाले. म्हणून ती तिकिटं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दारात एक बाई उभ्या होत्या. पांढरं सुती लुगडं, हातात चामड्याची पिशवी आणि बगलेत कागदांची चळत.

"मी डॉक्टर मृणालिनी सबनीस. परळच्या दवाखान्यात असते. साठीपुढच्या गिरणी कामगारांची पाहणी करते आहे. म्हातारपणी कुणाची स्मरणशक्ती शाबूत राहते, कुणाची जाते आणि का, एवढंच शोधते आहे. इथले घाडी साच्यावर होते ना?"

"होते," रमाकांत म्हणाला. "पण बाई, तुम्ही उशिरा आलात. रविवारी त्यांना गावी नेतोय."

"मग आजच भरते कागद," म्हणत बाईंनी गॅलरीत स्टूल ओढलं.

त्यांनी भिवाजींचे कान तपासले, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. पारा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग प्रश्न सुरू झाले.

"झोप लागते का नीट?"

"लागते," रमाकांत म्हणाला.

"तंबाखू?"

"खातात. सोडत नाहीत."

"खारवलेली मासळी, लोणचं?"

"त्याशिवाय जेवतच नाहीत," कालिंदी आतून म्हणाली.

"वाचता येतं?"

"सहीपुरतं."

"मन कशात रमतं?"

"कशात रमणार आता? बसून असतात."

असे वीस-बावीस प्रश्न झाले. भिवाजी एकदा बाईंकडे, एकदा मुलाकडे, एकदा कागदाकडे बघत होते. शेवटी बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद रमाकांतपुढे धरला.

"इथे सही करा. कागद तुमचा झाला."

"माझा? बाबांचा ना?"

"यात तुमच्या वडिलांचा एक शब्दही नाही, रमाकांतराव. मी त्यांच्याकडे बघून विचारत होते. उत्तरं तुम्ही दिलीत."

रमाकांतचा चेहरा उतरला आणि पाठोपाठ तापला. "त्यांना ऐकू येत नाही, आलं तर समजत नाही. त्यांच्यासाठी मी काय केलंय ते तुम्हाला काय ठाऊक! इकडची काडी तिकडे करू देत नाही मी त्यांना."

"तेच तर लिहून घेतलंय मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "बरं, घरची माणसं दिवसभरात त्यांच्याशी किती वाक्यं बोलतात?"

"बोलतो की! वाक्यं काय मोजतं कुणी?"

"उद्या मोजा. मी उद्या दुपारी परत येते. आणि ह्यांचा कुणी मित्र आहे का?"

कालिंदी पदर सावरत दारात आली. "घोडपदेवचे दौलतराव आहेत. एकाच खात्यात होते दोघं. मामंजी दर बुधवारी त्यांच्याकडे जायचे. ते पडल्यापासून आम्ही जाऊ देत नाही."

"उद्या त्यांना बोलवाल?"

बाई गेल्या. "आली मोठी शहाणी," म्हणून रमाकांत ताटावर बसला, पण त्याने अर्धी भाकरी तशीच टाकली.

शनिवारी कालिंदीने एक युक्ती केली. चुलीजवळ एक वाटी ठेवली. मामंजींशी कुणी वाक्य बोललं, की वाटीत एक चिंचोका टाकायचा. सकाळी तिने हौसेने दोन टाकले. 'चहा घ्या.' 'गरम आहे.' मग ती कामाला लागली. रमाकांत कचेरीला निघाला, तेव्हा भिवाजींनी त्याच्या पिशवीकडे बघून भुवया उंचावल्या. "काही नाही, बाबा, तुम्ही बसा," तो म्हणाला. चिंचोका टाकताना कालिंदीचा हात थबकला. पण कुणीतरी हाक मारली, दूध उतू गेलं आणि ती विसरून गेली. शनिवारची अर्धी कचेरी आटोपून रमाकांत घरी आला आणि पहिल्यांदा चुलीपाशी गेला. वाटीत अकरा चिंचोके होते.

"चार 'काही नाही'चे आहेत," कालिंदी खाली बघत म्हणाली. "तीन 'जेवा'चे. दोन 'बसा'चे. बाकी ते चहाचे दोन. तुम्ही पाळलेल्या त्या बोक्याशी मी ह्याहून जास्त बोलते हो!"

रमाकांतने चिंचोके मुठीत घेतले. त्याला आठवलं, लहानपणी मिल सुटली की बाप घरी येई आणि खांद्यावर बसवून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत नेई. त्या वाटेवर त्याने बापाला किती प्रश्न विचारले असतील! एकाही प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर मिळाल्याचं त्याला आठवेना.

तीन वाजता बाई आल्या. पाठोपाठ जिन्यात जड पावलं वाजली आणि दौलतराव दारात उभे राहिले. साताऱ्याकडचा उंच, वाळका गडी, मिशा पांढऱ्याफेक. त्यांनी कुणाला रामराम केला नाही. सरळ गॅलरीत गेले, भिवाजींच्या समोर उजेडात उभे राहिले आणि मूठ मिशीवर नेऊन पीळ दिल्यासारखी फिरवली.

भिवाजी खुर्चीत ताठ झाले. आणि हसले! रमाकांतने वर्षभरात ते हसू पाहिलं नव्हतं.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?" बाईंनी विचारलं.

"आमचा मुकादम, जॉबर आला, काम करा, म्हनलं," दौलतराव हसून म्हणाले. "अवो बाई, साचेखात्यात तोंडानं कोन बोलतंय? दोनशे साचं खडाखडा चालल्यावर देव जरी आला तरी त्याला हातानंच बोलाया लागंल. बत्तीस वरसं आमी असंच बोललोय. धागा तुटला, धोटा अडकला, बायको बाळंत झाली, समदं हातानं!"

दोघांचे हात चालू झाले. कातरीसारखी दोन बोटं, छातीवर अंगठा, हवेत फिरलेलं मनगट. भिवाजींचे ओठ आवाजाशिवाय हलत होते आणि दौलतराव ते ओठ वाचत होते. चाळीतली चार माणसं गॅलरीत जमली होती. खुळा म्हातारा गप्पा मारत होता आणि समोरचा पोट धरून हसत होता.

बाईंनी कोरा कागद काढला. "दौलतराव, माझे प्रश्न तुम्ही विचारा त्यांना. संचारबंदीत बाहेर का गेले, हे विचारा आधी."

दौलतरावांनी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली, रस्त्याकडे बोट दाखवलं आणि तळहात उलटा केला. भिवाजींनी कपाळावरची खोक चाचपली. मग ते मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तशा आवाजात बोलले.

"बुधवार होतो. दौलतीकडे जावचा होता. पोलिसाचा माका कोणी सांगल्यानच नाय!"

रमाकांतने दाराची चौकट धरली. संचारबंदी लागली, त्या दिवशी घरात कोण किती बोललं होतं! दाणागोटा किती आहे, कचेरीचं काय होणार, खालच्या माळ्यावरचा मुलगा कसा पडला. भिवाजींनी खुर्चीतून दोनदा विचारलं होतं, "काय झाला?" आणि रमाकांत स्वतः म्हणाला होता, "काही नाही, तुम्ही बसा."

अरेरे! ज्याला आपण वेड म्हणून चाळभर मिरवलं, ते आपलंच न सांगणं होतं!

बाई पुढचे प्रश्न विचारत गेल्या. पुष्कळ उत्तरं बरोबर आली. पण सगळीच आली नाहीत, हेही सांगायला हवं. वार बरोबर सांगितला, महिना चुकला. आणि "घरात कोण कोण?" या प्रश्नावर भिवाजींनी एकेक बोट मोडलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "कौसल्या बाजारात गेली असतली."

कौसल्या म्हणजे रमाकांतची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. दौलतरावांचे हात हवेतच थांबले.

"म्हणजे... आजार आहेच," रमाकांत म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. जे गेलं ते बहुधा परत येणार नाही. पण किती गेलंय हे तुम्ही पाहिलंच नव्हतं. कान गेले, त्याला तुम्ही बुद्धी गेली म्हणालात."

"मग हे झालं कशाने?"

"मी आजवर एकशेचाळीस म्हाताऱ्यांचे कागद भरलेत. ज्यांचे कान गेले, ज्यांचा रक्तदाब चढलेला, ज्यांच्या हातातलं काम काढून घेतलं, ज्यांच्याशी दिवसचे दिवस कुणी बोललं नाही, त्यांच्यात विसराळूपण अधिक दिसतं. आता बोलणं तुटलं म्हणून विस्मरण झालं, की विस्मरण झालं म्हणून लोकांनी बोलणं तोडलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्याला आणखी वर्षं लागतील, माझ्यापेक्षा हुशार माणसं लागतील. पण रमाकांतराव, तुमच्या वडिलांना तेवढं थांबायला वेळ आहे का? मीठ कमी करा, तंबाखू सोडवा, औषध देते ते चालू ठेवा. कानात मळाचे बोळे आहेत, ते दवाखान्यात काढू, थोडा फरक पडेल. आणि समोर उजेडात उभे राहून बोला. ह्यात तोटा कुणाचाच नाही."

"मी त्यांना आराम दिला हो," रमाकांत म्हणाला. "दुसरं काही मनात नव्हतं."

"ठाऊक आहे मला. दावणीला बांधलेल्या बैलालाही आपण आरामच देत असतो. पण माणसाला आरामापेक्षा जास्त गरज असते, ती आपली कुणालातरी गरज आहे एवढं कळण्याची. गावच्या पडवीत त्यांच्याशी कोण बोलेल?"

रमाकांत आत गेला. खिशातली तिकिटं त्याने बोक्यासाठी ठेवलेल्या दुधाच्या वाटीखाली सरकवली, का ते त्यालाही कळलं नाही. बाहेर येऊन तो बापासमोर उजेडात उभा राहिला. हाताची भाषा त्याला येत नव्हती. त्याने नुसतेच हात जोडले आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "बाबा, उद्या घड्याळाला चावी द्यायची आहे. तुम्ही द्याल?"

भिवाजींनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मुलाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्यांनी विचारलं, "काय झाला, झिला?"

'काही नाही' हे शब्द रमाकांतच्या जिभेवर आले. ते त्याने गिळले. तो बापाच्या पायाशी बसला आणि सगळं सांगत सुटला. आगबोट, पडवी, चिंचोके, सगळं. किती ऐकू गेलं कोण जाणे. भिवाजी त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

रविवारची बोट दोन माणसं कमी घेऊन गेली. भिवाजी स्टुलावर चढले आणि खाली रमाकांत स्टूल धरून उभा राहिला. पहाटे नळावर बापलेक दोघं जाऊ लागले. बुधवारी दौलतराव स्वतः येत आणि रमाकांतला खुणा शिकवत. त्याचा हात चुकला की दोघे म्हातारे त्याची यथेच्छ टर उडवत. ज्या नळावर म्हण चालली होती, तिथल्याच बायका पुढे भिवाजींच्या समोर येऊन, पदर तोंडावरून बाजूला करून 'चहा झाला का?' विचारू लागल्या. चाळ वाईट नसते. तिला फक्त कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

भिवाजी बरे झाले, असं मी लिहिणार नाही. ते झाले नाहीत. वर्षं सरली तसं विस्मरण हळूहळू वाढत गेलं. पण गावच्या पडवीत ते ज्या वेगाने वाढलं असतं, त्या वेगाने नाही, असं डॉक्टरीणबाईंचं मत होतं. आणि वाढलं तरी ते माणसांत वाढलं, बंद दाराआड नाही.

चार वर्षांनी एक मेचा दिवस उजाडला. ज्या मुंबईसाठी एवढं रक्त सांडलं, ती महाराष्ट्राची झाली. लालबाग-परळ फुलांनी आणि पताकांनी नटलं होतं. गॅलरीच्या कठड्याला रमाकांतने सकाळी झेंडा बांधला. खुर्चीतून भिवाजींनी विचारलं, "ह्ये बावटे कित्याक लावल्यानी?"

रमाकांत समोर उभा राहिला. साचेखात्यातली मुंबईची खूण म्हणजे मिलच्या चिमणीसारखा ताठ उभा धरलेला हात. त्याने हात उभा धरला आणि मग तळवा छातीवर टेकवला. मुंबई आपली.

"मुंबय आपली झाली?" भिवाजी ओरडले. "खराच?" त्यांनी काठी आपटली, कठड्याला धरून उठले आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीला हात करू लागले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तासाभराने त्यांनी पुन्हा विचारलं, "ह्ये बावटे कित्याक?"

कालिंदीने रमाकांतकडे पाहिलं. तो हातातलं ताट ठेवून उठला, समोर उजेडात गेला, हात उभा धरला आणि छातीवर टेकवला. पुन्हा तोच आनंद, तीच काठी, त्याच धारा. दुपारी तिसऱ्यांदा. दिवेलागणीला चौथ्यांदा.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरातही अशी एखादी खुर्ची असेल. तिच्यातल्या माणसाने 'काय झालं?' विचारलं, तर त्याला सांगा. ऐकू गेलं नाही तर पुन्हा सांगा, विसरला तर आणखी एकदा सांगा. त्याचे कान दाखवा, रक्तदाब दाखवा, हातात काम द्या. बाकी शास्त्र काय शोधायचं ते शोधेल. पण 'काही नाही' या दोन शब्दांनी जिवंत माणसाला घराबाहेर काढू नका.

त्या रात्री झोपताना कालिंदी म्हणाली, "दमलात ना? चार वेळा तेच ते."

"दमायचं काय त्यात?" रमाकांत म्हणाला. "सगळ्यांना मुंबई एकदाच मिळाली. आमच्या बाबांना ती आज चार वेळा मिळाली."